हरवलेल्या शब्दांची गोष्ट रंगमंचावर कशी आली?

साल १९०१. ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या ऑफिसला वाचकाचं एक पत्र येतं. तक्रार साधी आहे: तुमच्या डिक्शनरीत 'बॉण्डमेड' हा शब्दच नाहीये. शोधाशोध होते आणि तक्रार खरी निघते. बॉण्डमेड म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या सेवेला बांधलेली मुलगी, दासी. 'बी' अक्षराचा भाग तर कधीच छापून झाला होता. शब्द अखेर १९३३ च्या पुरवणीत आला.

तो नेमका कसा हरवला? याच प्रश्नावरून ऑस्ट्रेलियन लेखिका पिप विल्यम्स यांनी 'द डिक्शनरी ऑफ लॉस्ट वर्ड्स' ही कादंबरी लिहिली. ती २०२० मध्ये आली आणि जगभर वाचली गेली. २०२३ मध्ये तिचं नाटकही झालं.

आधी डिक्शनरीचं प्रकरण समजून घेऊ

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कोशाची कल्पना १८५७ मध्ये मांडली गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. पुढे ऑक्सफर्डमधल्या आपल्या घराच्या बागेत त्यांनी पत्र्याची एक शेड उभारली आणि तिला भारदस्त नाव दिलं, 'स्क्रिप्टोरियम'. लोकांनी पुस्तकं वाचायची, शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य साधारण ६ बाय ४ इंचाच्या चिठ्ठीवर उतरवायचं आणि पोस्टाने पाठवायचं. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे स्वतः १९१५ मध्येच वारले.

गोम इथेच आहे. शब्दाला पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे छापलेलं किंवा लिहिलेलं वाक्य. त्या काळी लिहीत कोण होतं? बहुतेक शिकलेले पुरुष. मग भांडी घासणारीचे, बाजारात बसणारीचे शब्द कोशात जाणार कुठून? तिथे कुणी मुद्दाम कट केला नव्हता. नियमच असा होता की त्या आपोआप बाहेर राहत.

कादंबरीची नायिका एस्मे काल्पनिक आहे. आईविना वाढलेली ही मुलगी स्क्रिप्टोरियममध्ये वडिलांच्या टेबलाखाली बसून असते. एक दिवस एक चिठ्ठी खाली पडते आणि ती उचलून लपवते. शब्द असतो, बॉण्डमेड. मोठी झाल्यावर ती नाकारलेले आणि कधी लिहिलेच न गेलेले शब्द जमवू लागते. मरेंच्या घरची मोलकरीण लिझी हिला लिहिता-वाचता येत नाही. पण तिच्या तोंडचा 'नॅकर्ड' (दमून पार गळून गेलेली) हा शब्द एस्मे चिठ्ठीवर लिहिते आणि पुरावा म्हणून खाली लिझीचंच नाव टाकते. सगळ्या कादंबरीत याहून मोठी बंडखोरी नाही.

मग नाटक करायला अडचण काय?

अडचण अशी की कोश बनवणं हे बघायला अतिशय कंटाळवाणं काम आहे. माणसं बसतात, वाचतात, लिहितात. त्यात एस्मेचं बालपण ते पहिलं महायुद्ध असा तीसेक वर्षांचा पल्ला, आणि गोष्ट सगळी तिच्याच तोंडून, तिच्या मनातली.

रूपांतर केलं व्हेरिटी लॉटन यांनी, दिग्दर्शन जेसिका आर्थर यांचं. स्टेट थिएटर कंपनी साउथ ऑस्ट्रेलिया आणि सिडनी थिएटर कंपनी यांच्या या संयुक्त निर्मितीचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०२३ मध्ये ॲडलेडला झाला. नंतर नाटक सिडनी ऑपेरा हाउसमध्ये गेलं.

एस्मे लहान असो की मोठी, ती एकाच अभिनेत्रीने साकारली, टिल्डा कॉबम-हर्वी हिने. लहान मुलीसाठी बालकलाकार आणला नाही. एकूण नट आठच, त्यामुळे इतरांच्या वाट्याला अनेक भूमिका आल्या. नेपथ्यात चिठ्ठ्या ठेवायचे छोटे छोटे खण होते, आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या व वस्तू पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. बोटभर कागद शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवायचा तर दुसरा उपाय तरी काय!

पण एका बाबतीत नाटक कादंबरीच्या पुढे जातं. मेबल ही बाजारात फुटकळ वस्तू विकणारी म्हातारी. तिची जीभ तिखट, शिव्या अस्सल. स्त्रीच्या अवयवावरून पडलेली एक इंग्रजी शिवी मरेंच्या कोशात खरोखरच घेतली नव्हती. शेकडो वर्षांचा लेखी पुरावा असूनही. ती पुरवणीत आली थेट १९७२ मध्ये. म्हणजे पुरावा असला तरी सभ्यतेचा अडसर होताच. पुस्तकात असा शब्द आपण मनातल्या मनात वाचून पुढे सरकतो. थिएटरमध्ये तो शेकडो लोकांसमोर मोठ्याने उच्चारला जातो. जे शब्द फक्त बोलले गेले, त्यांची गोष्ट बोलूनच सांगितली जाते.

गमावलं काय, तर सावकाशपणा. कादंबरीत एस्मे आणि लिझीची मैत्री वर्षानुवर्षं मुरते. रंगमंचावर मताधिकाराची चळवळ, छापखान्यात खिळे जुळवणारा गॅरेथ, युद्ध, सगळं एका संध्याकाळीत बसवायचं म्हटलं की घाई अटळ आहे.

खऱ्या बायका होत्या का?

होत्या. इतिहासकार एडिथ थॉम्पसन यांनी मरेंना वर्षानुवर्षं मदत केली. कादंबरीतली डिटी त्यांच्यावरच बेतलेली आहे. मरेंच्या मुली एल्सी आणि रॉसफ्रिथ याही कोशावर काम करत होत्या. १९२८ मध्ये कोश पूर्ण झाला, तेव्हा लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मोठी मेजवानी झाली. पुरुष टेबलांवर जेवायला बसले. कोशासाठी राबलेल्या बायकांना पंगतीत जागा नव्हती. त्यातल्या मोजक्या जणींना वरच्या सज्जात बसून ते जेवण बघायची परवानगी मिळाली.