लीजन ऑफ द युनायटेड स्टेट्स
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची १७९२ ते १७९६ या काळातील स्थायी सेना. कायमची फौज म्हणजे जुलूमशाहीला निमंत्रण, ही धारणा नव्या प्रजासत्ताकात दृढ होती. त्यामुळे १७८४ मध्ये कोठारांच्या राखणीपुरते ८० सैनिक ठेवून बाकीच्यांना रजा देण्यात आली. ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलखावर हक्क सांगायचा, पण तो राखायला फौज नाही, अशी ही विसंगती होती.

तिची किंमत लवकरच मोजावी लागली. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीकाठी मायामी जमातीचा लिटल टर्टल आणि शॉनी जमातीचा ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी जनरल आर्थर सेंट क्लेअरच्या छावणीवर पहाटे हल्ला केला. सहाशेंहून अधिक सैनिक मारले गेले. मूलनिवासींकडून अमेरिकी सैन्याचा इतका दारुण पराभव पुढेही कधी झाला नाही.

त्यानंतर काँग्रेसने मोठ्या सैन्याला मंजुरी दिली. सेनापती अँथनी वेन याने पायदळ, घोडदळ व तोफखाना एकत्र असलेल्या चार उपलीजन उभारल्या आणि घाई न करता कसून कवायत घेतली. २० ऑगस्ट १७९४ रोजी या जमातींविरुद्धची फॉलन टिंबर्सची लढाई त्याने तासाभरातच जिंकली. जमातींना पाठबळ देणाऱ्या ब्रिटिशांच्या जवळच्या किल्ल्याने माघार घेणाऱ्या योद्ध्यांना दार उघडले नाही. हा विश्वासघात पराभवाहूनही निर्णायक ठरला. ग्रीनव्हिलच्या तहाने (१७९५) आजच्या ओहायो राज्याचा बराचसा भाग जमातींनी गमावला. १७९६ मध्ये लीजनची पुनर्रचना नेहमीच्या रेजिमेंटांत झाली.