आकाशाचा माग

कापडाच्या धंद्यात मुरलेल्या धुळ्याच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पितळेचे एक घडीचे भिंग असते. ते कापडावर टेकवायचे, इंचभर चौकोनात उभे किती आणि आडवे किती धागे आले ते मोजायचे आणि मगच भावाचे बोलायचे. नुसत्या डोळ्यांना सलग दिसणारे धोतर भिंगाखाली जाळीसारखे उघडे पडते. १९९२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकातच पुंजधाग्यांनी (पुंज म्हणजे क्वांटम) भूमिती विणण्याची भाषा होती. आपण ज्या मोकळ्या जागेत हात हलवतो ती जागाही सलग नसून विणलेली आहे, असे त्याचे सांगणे. लेखक तिघे : अभय अष्टेकर, कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन. पैकी अष्टेकरांचा जन्म ५ जुलै १९४९ चा, शिरपूरचा. म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशातला, आजच्या धुळे जिल्ह्यातला. कापूस पिकवणाऱ्या मुलखात जन्मलेल्या माणसाने आकाशाला वीण असल्याचे सांगावे, हा निव्वळ योगायोग. पण विणकराचे यंत्र आणि शोधकाची वाट या दोहोंना मराठीत ‘माग’ हा एकच शब्द आहे, तेव्हा या विणीचा माग काढत आपण बरेच मागे जाऊ.

सर्वांत लहान तुकडा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक दर्शनाने फार पूर्वी हाताळला. परमाणू, दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगणारा धुळीचा कण म्हणजे डोळ्याला दिसू शकणारा लहानात लहान पदार्थ, अशी ती चढण. या कौतुकात एक गोष्ट सहज निसटते. परमाणू होते ते पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे. आकाश, दिशा आणि काल यांना वैशेषिकांनी अखंड, निरवयव आणि सर्वव्यापी ठेवले होते. वस्तूचे तुकडे होतील, पण ती वस्तू जिथे आहे त्या जागेचे होणार नाहीत. न्यूटनच्या भौतिकीतही जवळजवळ हीच वाटणी आपल्याला आढळते.

वाटेत चाळीसगावजवळच्या पाटणला थांबणे भाग आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यात कालाचे विभाग करत करत ते ‘त्रुटी’पर्यंत येतात. आजच्या मापाने ती सेकंदाचा ३३,७५० वा भाग भरते. चंद्राची गती क्षणोक्षणी पालटते, म्हणून दिवसाच्या सरासरीवर न थांबता त्या क्षणापुरती ‘तात्कालिक’ गती काढावी, असेही त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापला. इ. स. १२०६-०७ च्या सुमाराच्या शिलालेखात त्या मठाला दिलेली दाने नोंदली आहेत. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे, पण व्यवहाराचा मजकूर आला की भाषा जुनी मराठी होते, आणि बाजारातल्या मालावरच्या करासोबत गावातल्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिलेले दिसते. बाराव्या शतकातल्या कलनाच्या पूर्वखुणा तेराव्या शतकात घाण्याच्या तेलावर जपल्या गेल्या, हे चित्र मला फार आवडते. भास्कराचार्यांना पुंजसिद्धान्त ठाऊक होता, असे मात्र कृपा करून कोणी म्हणू नये. ते उलट सलगपणाचेच थोर आचार्य. काल कापत जावा, कापत जावा, आणि ही कापणी कुठे अडेल अशी शंका मनात येऊ नये, ही त्या गणिताची शक्तीच होती.

ती शंका नीट शब्दांत मांडली गेली १० जून १८५४ रोजी, ग्योटिंगेनला. बर्नहार्ट रीमान या तरुण गणितज्ञाने भूमितीच्या पायाविषयी व्याख्यान दिले आणि अखेरीस सहज सुचवले, की अवकाश सुट्या घटकांचा असेल तर त्याचे माप त्याच्यातच असते, नुसते मोजले की झाले. सलग असेल, तर मापाचे मूळ बाहेर शोधावे लागेल. पितळी भिंगवाल्या व्यापाऱ्याला हे एका वाक्यात पटले असते. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, मे १८९९ मध्ये, बर्लिनला माक्स प्लँक यांनी प्रकाशाचा वेग, गुरुत्वाचा स्थिरांक आणि स्वतःचा एक नवा स्थिरांक यांचा मेळ घालून निसर्गाची स्वतःची लांबी काढली. सेंटिमीटरचे एकावर तेहतीस शून्ये इतके भाग केले, तर आजच्या हिशेबाने त्यातल्या सुमारे दीड भागाएवढी ती भरते. ऊर्जा पुड्यापुड्यांनीच दिली-घेतली जाते, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र १४ डिसेंबर १९०० चे. म्हणजे पुंजसिद्धान्ताची जन्मतारीख म्हणून जी पाठ केली जाते, तिच्या आधीच जागेची लहानात लहान लांबी कागदावर उतरली होती. त्या लांबीचे करायचे काय, हे बराच काळ कोणाला कळले नाही.

१९१६ हे साल खानदेशाच्या दृष्टीने मोठे मजेचे. त्या वर्षी आइन्स्टाइननी लिहून ठेवले, की आपल्या नव्या गुरुत्वसिद्धान्तालाही पुंजसिद्धान्त बदलायला लावणार. आणि त्याच वर्षी अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. प्रतापशेठ गिरणीमालक, कापसाच्या सुतावर मिळालेला पैसा त्यांनी वेदान्ताच्या विचारात घातला. तिथे घनश्यामदास मलकानी, कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे तत्त्वज्ञ राहून गेले, आणि १९३३ साली मलकानी, मूर्ती व रासविहारी दास यांचे ‘अज्ञान’ या विषयावरचे पुस्तक लंडनहून निघाले. ज्ञाता ज्ञेयाच्या बाहेर उभा असतो का, हा अमळनेरचा रोजचा प्रश्न. १९२७ पासून बोर आणि आइन्स्टाइन ज्यावर भांडत होते तो प्रश्न याच्या शेजारचा. बोर यांच्या कोपनहेगन मताप्रमाणे मापन करणारे साधन मोजल्या जाणाऱ्या पुंजवस्तूच्या अलीकडे, आपल्या रोजच्या जगात असावे लागते. अमळनेर आणि कोपनहेगन यांच्यात काही देवाणघेवाण होती, असे मी सुचवत नाही. एका काळात दोन गावी एकच विहीर खणली जात होती, एवढेच.

अणूच्या बाबतीत ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ चालून जाते. सगळे विश्वच पुंजवस्तू मानले की बाहेर उभे राहायला कोणी उरत नाही. इथपर्यंत येण्याआधी एका विस्मृत माणसाला आपण भेटायला हवे. लेनिनग्राडच्या मात्वेई ब्रॉन्श्टाइन यांनी १९३६ मध्ये दाखवले, की गुरुत्वक्षेत्र हवे तितक्या लहान जागेत अचूक मोजता येणार नाही. भिंग जितके तीक्ष्ण तितकी ऊर्जा जास्त. ऊर्जा फार एकवटली तर ती जागाच स्वतःत कोसळते आणि पाहायचे ते झाकले जाते. दोन वर्षांनी स्टालिनच्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या, वय ३१. हा धागा मग तुटलाच. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी निरीक्षकालाही समीकरणाच्या आत घेतले. ‘अनेक विश्वे’ म्हणून पुढे गाजलेला तो अर्थ. त्याला १९७० मध्ये लोकांपुढे आणणारे ब्राइस डविट पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राहून गेलेले. सबंध विश्वाचे पुंजसमीकरण त्यांनीच १९६७ मध्ये मांडले. त्यात काल दिसेनासा झाला होता आणि ते सोडवणे कोणाच्या आवाक्यात नव्हते.

ही कोंडी फुटली ती राशी बदलल्यामुळे. आइन्स्टाइनच्या समीकरणांत मुख्य राशी अंतराची. अमिताभ सेन यांनी १९८२ च्या सुमारास एक निराळी वाट दाखवली होती. १९८६ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात असलेल्या अष्टेकरांनी तिचा राजरस्ता केला. अंतर बाजूला ठेवायचे आणि एका ठिकाणची दिशा शेजारच्या ठिकाणी नेताना किती वळते, ती राशी मुख्य धरायची. त्याबरोबर अक्राळविक्राळ समीकरणे साधी बहुपदी झाली आणि गुरुत्व हे विद्युत्चुंबकत्वाच्या भावकीतले दिसू लागले. मग टेड जेकबसन व स्मोलिन यांना डविटच्या समीकरणाची उत्तरे सापडली ती वेटोळ्यांच्या रूपात. रोव्हेलींनी वेटोळी हीच भाषा केली. रॉजर पेनरोज यांनी १९७१ मध्ये मांडून ठेवलेली फिरकीची जाळी १९९५ मध्ये त्यात चपखल बसली. त्याच वर्षी रोव्हेली आणि स्मोलिन यांनी क्षेत्रफळ व घनफळ यांच्या किमती पायरीपायरीने वाढतात असे गणित दिले, आणि पुढे अष्टेकर व येझी लेवान्डोव्स्की यांनी ते गणिती काटेकोरपणे पक्के केले. कणादांनी अखंड ठेवलेले आकाश असे कागदावर तरी दाणेदार झाले. २००६ मध्ये अष्टेकर, तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हेच गणित विश्वाच्या आरंभाला लावले, तेव्हा महास्फोटाच्या जागी उसळी निघाली : आधीचे आकुंचन, मग घनतेची मर्यादा, मग प्रसरण.

निरीक्षक कुठे उभा, हा अमळनेरचा प्रश्न मात्र या विणीने सोडवलेला नाही. विश्वाच्या तरंगफलाचा, म्हणजे त्याच्या पुंज-अवस्थेच्या वर्णनाचा, अर्थ काय, यावर वेटोळेवाल्यांतही एकमत नाही; रोव्हेलींनी तर १९९६ मध्ये स्वतःचा एक वेगळा अर्थ मांडला, ज्यात कोणत्याही वस्तूची अवस्था दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूच्या सापेक्षच सांगता येते. आणि भिंगाचे म्हणाल, तर धोतरात इंचाला पन्नास-साठ धागे असतील, इथे एकावर तेहतीस शून्यांहून अधिक मोजायचे आहेत. मे २००९ मध्ये फर्मी उपग्रहाने सात अब्ज वर्षे प्रवास करून आलेल्या गॅमा किरणांचा झोत पकडला. जागेच्या खडबडीतपणामुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश मागे रेंगाळला असता तर तिथे दिसायला हवे होते. तसे काही आढळले नाही. त्याने काही सोपी प्रारूपे बाद झाली, वेटोळ्यांचा सिद्धान्त बाद झाला नाही, सिद्धही झाला नाही. २०२० मध्ये अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लँक यांचेच नाव दिलेल्या उपग्रहाचा नकाशा पुढे घेतला. आदिम प्रकाशाच्या त्या नकाशात सर्वांत मोठ्या पल्ल्यावर काही आकडे अपेक्षेशी जुळत नाहीत, आणि ती विसंगती उसळीच्या गणिताने कमी होते असे त्यांचे म्हणणे. धागे मोजता येत नाहीत, म्हणून ते आता ताग्यावर कुठे सुरकुती दिसते का, ते पाहत आहेत.