पोट आत ओढण्याची कुळकथा

हेब्बाळचा उड्डाणपूल मागे टाकून मान्यता टेक पार्कच्या दिशेला लागलं की जिमच्या पाट्या दिसू लागतात. आत प्लँक, क्रंचेस, लेग रेझ हे नेहमीचे प्रकार चालू असतात. त्यांच्या जोडीला हल्ली आणखी एक प्रकार आला आहे. श्वास पुरता सोडायचा, बरगड्या वर उचलायच्या आणि पोट पाठीला टेकेल इतकं आत घ्यायचं. याचं नाव ‘स्टमक व्हॅक्यूम’. नाव इंग्रजी, म्हणून मालही परदेशी वाटतो. पण या घराण्याचा शोध घ्यायला निघालं तर दोन महत्त्वाची ठिकाणं आपल्याच मुलखात सापडतात. एक लोणावळा आणि दुसरं खुद्द बेंगळुरूतला जे. सी. रोड, हेब्बाळपासून दहा-बारा किलोमीटरवरचा. या सगळ्या प्रवासात क्रिया जवळजवळ तीच राहिली. ती कशासाठी करायची, ते मात्र दर मुक्कामाला बदलत गेलं.

मूळ घर हठयोगाचं. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त शरीरशुद्धीच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत, त्यांतली एक नौली. ‘घेरंडसंहिते’त तिलाच लौलिकी म्हटलं आहे. खांदे पुढे झुकवून पोट भोवऱ्यासारखं डावी-उजवीकडे वेगानं फिरवावं, असं तिचं वर्णन. स्वात्माराम तिला हठक्रियांचा मुकुट मानतो. फळ काय, तर मंदावलेला जठराग्नी पेटतो. या सहा क्रिया कोणी कराव्यात, तेही त्यानं सांगून ठेवलं आहे. ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे, त्यानं आधी कराव्यात. बाकीच्यांना गरज नाही. म्हणजे मूळ हेतू आतडी साफ ठेवण्याचा. पोट दिसतं कसं, याच्याशी योग्याला देणंघेणं नव्हतं.

तालमीलाही नव्हतं. आपल्याकडचा पैलवान जोर-बैठका मारतो, हौद्यातली माती खणतो, दूध-बदाम पचवतो. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात उतरलेल्या मल्लांचे जुने फोटो पाहावेत. पोटावर एक रेघ दिसेल तर शपथ. पण धोबीपछाड टाकताना समोरच्याचं सगळं वजन पाठीवर घेऊन जो फिरतो, त्याच्या कमरेतल्या ताकदीबद्दल शंका घेण्याची कोणाची छाती नाही. पोटाचे उभे स्नायू प्रत्येकालाच असतात. आडव्या कंडरांनी त्यांचे भागही जन्मतःच पडलेले असतात. ते दिसणं-न दिसणं मुख्यतः कातडीखालच्या चरबीवर ठरतं. तालमीनं कमावलं ते बळ. त्याचं प्रदर्शन तिला ठाऊक नव्हतं.

पुढचा मुक्काम बडोदा आणि मग लोणावळा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. योग शिकले माळसरच्या माधवदासजींकडे. एका बाजूला आखाडा, दुसऱ्या बाजूला योग, आणि वर या माणसाला प्रयोगशाळेची ओढ. 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली यांचे प्रयोग केले, क्ष-किरणांनी तपासण्या केल्या. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. पहिल्या अंकांपासूनच त्यात पोटाच्या क्रियांना मोठं स्थान होतं.

या क्रिया जवळून पाहण्यासारख्या आहेत. पाय फूटभर अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, तळवे मांड्यांवर. श्वास सगळा बाहेर. आता श्वास न घेताच, घेतल्यासारखी छाती फुगवायची. हवा आत येत नाही, पण बरगड्या पसरतात, श्वासपटल वर खेचलं जातं आणि सैल सोडलेलं पोट बरगड्यांखाली शिरतं, मोठी खळगी पडते. हे उड्डियान. मग त्या खळगीतूनच फक्त मधले दोन उभे स्नायू पुढे ढकलायचे. आपल्याकडे त्यांना नळ म्हणतात. नाभीच्या वर-खाली मुसळासारखा एक उभा उंचवटा उभा राहतो, ही मध्यमा. एकच नळ काढला की दक्षिणा किंवा वामा. आणि तिन्ही एकापाठोपाठ जोडून फिरवले की स्वात्मारामाचा भोवरा झाला.

नौलीच्या जोरावर योगी गुदमार्गानं पाणी वर ओढून घेत, तीच बस्ती. ते पाणी चढतं कसं, याचं उत्तर कुवलयानंदांनी दाबमापक लावून शोधलं. नळ पुढे काढले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना आढळलं. आत निर्वात तयार होतो आणि पाणी आपोआप चढतं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. आजच्या जिममधल्या व्हॅक्यूमच्या किती तरी आधी हा शब्द पोटाच्या संदर्भात लोणावळ्यात छापला गेला होता, तोही आतड्यातल्या दाबाबद्दल.

याच काळात साताऱ्याकडे दुसरी शाखा फुटत होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी युरोपातल्या नामांकित बलवान सँडोच्या डंबेल्सचे भक्त. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि इतके वळले की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, पुस्तकं लिहिली. ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली विलायतेत निघालं. नमस्कारात वाकताना श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं. मागे रेलताना तेच पोट ताणलं जातं. साहित्य शून्य आणि जागा सतरंजीएवढी.

या दोन्ही शाखा बेंगळुरूत एका माणसाच्या अंगावर येऊन मिळाल्या. कोलार व्ही. अय्यर, म्हणजे के. व्ही. अय्यर, जन्म 1897. त्यांची हर्क्युलस जिम्नॅशियम ही व्यायामशाळा गावात नावाजलेली, पुढे जे. सी. रोडवर तिची स्वतःची वास्तू झाली. अय्यर बारबेल उचलत, नमस्कार घालत, आसनं करत. त्यांचे जोडीदार योगाचार्य सुंदरम आसनांचं प्रात्यक्षिक दाखवत आणि अय्यर स्नायूंचं. अय्यरांचं ‘मसल कल्ट’ 1930 साली आलं, ‘सूर्यनमस्कार’ 1937 साली. आपलं शरीर घडवण्यात लोखंडापेक्षा हठयोगाचा वाटा मोठा, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. घरबसल्या टपालानं व्यायाम शिकवण्याचा अभ्यासक्रमही ते चालवत. हाच माणूस कन्नडचा कादंबरीकारही होता; ‘शांतला’ ही कादंबरी त्यांचीच.

अय्यरांकडे आणखी एक हत्यार होतं, कॅमेरा. ग्रीक पुतळ्याच्या थाटात, अंगाला तेल लावून, एका बाजूनं उजेड घेऊन काढलेले त्यांचे फोटो देशी-परदेशी व्यायाम-नियतकालिकांत झळकले. इथे पोटाचं नशीब पालटलं. योग्याला आतून स्वच्छ आणि पैलवानाला आतून घट्ट हवं असलेलं पोट आता बाहेरून रेखीव हवं झालं. अय्यरांचा लाडका शिष्य आपल्या मुंबईचा, रमेश बाळसेकर. ‘स्ट्रीमलाइन्स’ हे त्यांचं छायाचित्रांचं पुस्तक 1940 च्या आसपासचं. पुढे हेच बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावर पोचले आणि नंतर खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसून त्यांची मराठी प्रवचनं इंग्रजीत सांगू लागले. देह घासूनपुसून उभा केलेल्या माणसानं पुढची वर्षं ‘तू देह नाहीस’ हे समजावण्यात घालवली.

परदेशातही समांतर धारा होती. ऑस्ट्रियात जन्मलेला मॅक्सिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेक स्नायू वेगळा हलवण्याची विद्या शिकवत होता आणि त्यात पोटाचे नळ काढणंही होतं. ही विद्या कोलकात्यात आली. तिथे विष्णुचरण घोष आणि केशवचंद्र सेनगुप्त यांनी 1930 साली बारबेल आणि मसल कंट्रोल यांवर पुस्तक काढलं. योग कुठे संपतो आणि कसरत कुठे सुरू होते, ते या मंडळींच्या बाबतीत सांगता येत नाही. पुढे 1977 ते 1979 अशी सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिम्पिया ठरलेल्या फ्रँक झेननं हात डोक्यामागे बांधून पोट आत ओढण्याची पोज जगभर गाजवली. आपल्याकडे पोटाचे ठोकळे घरोघरी पोचवले ते 2007 च्या ‘ओम शांती ओम’मधल्या शाहरुख खाननं.

मग पुन्हा कारण बदललं. 1996 साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी एक निरीक्षण मांडलं. हात उचलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जातो आणि कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो. कमरेला पट्ट्यासारखा वेढलेला हाच तो स्नायू. झालं, फिजिओथेरपिस्ट नाभी आत ओढायला सांगू लागले आणि ‘कोअर’ हा शब्द जिमच्या तोंडी बसला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांना हे पटलं नाही. पोट आत ओढण्यापेक्षा ठोसा बसणार असल्यासारखं चहूबाजूंनी आवळावं, त्यानं कणा जास्त स्थिर राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे खासबागेतला मल्ल करत होता तेच.

आता हेब्बाळच्या जिममध्ये व्हॅक्यूम करणाऱ्यानं आपल्याला या घराण्यातलं नेमकं काय हवं आहे, ते आधी ठरवावं. पोटावर रेघा हव्या असतील तर त्या ताटातून येतात. पोट कितीही आत ओढलं तरी चरबी वितळत नाही. दिवसभर संगणकापुढे बसून कंबर धरली असेल तर साइड प्लँक, बर्ड-डॉग यांसारखे पोट आवळून करायचे व्यायाम अधिक कामाचे. आणि कोठा साफ ठेवायचा असेल तर स्वात्मारामाचीच वाट धरावी, पण रिकाम्या पोटी आणि जाणत्या शिक्षकासमोर. हर्निया, अल्सर किंवा वाढलेला रक्तदाब असेल, गरोदरपण असेल, तर मुळीच नाही. तिन्ही गरजा वेगळ्या आहेत, आणि एकाच व्यायामानं त्या तिन्ही भागतात असं सांगणारा ट्रेनर भेटला, तर फी भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत.