वैमानिकाच्या छातीवरील पंख

देवळालीच्या तोफखान्यामुळें आणि ओझरच्या विमान-कारखान्यामुळें नाशिककरांस लष्करी गणवेष नवा नाहीं. तथापि त्या गणवेषावरील खुणा वाचण्याची संवय आम्हां पांढरपेशांस मुळींच नाहीं. छातीवर रंगीत फितींची ओळ दिसली कीं 'केवढीं हीं पदकें!' असें आपण म्हणतों; वैमानिकाच्या बाबतींत त्या ओळीच्याहि वर दोन पसरलेले पंख असतात, त्यांजकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. पंख म्हणजे पदवी आणि पदक म्हणजे पारितोषिक, असा स्थूल भेद आम्हां अध्यापकांस करतां येईल. पदक हें एखाद्या दिवशींच्या कृत्याबद्दल, इतरांनीं पाहून व तोलून दिलेलें असतें. पंख ज्यानें शिक्षण पुरें करून परीक्षा दिली त्या प्रत्येकास मिळतात. म्हणूनच त्या परीक्षेस कोणास बसूं द्यावयाचें, हा प्रश्न पदकाच्या प्रश्नाहून पुष्कळ अधिक झोंबणारा ठरला.

या पंखांचा जन्म १९१३ सालचा. ब्रिटिश सैन्याचें वैमानिक दल आदल्याच वर्षीं स्थापन झालें होतें. त्यांतील फ्रेडरिक साइक्स व डेव्हिड हेंडर्सन या दोन अधिकाऱ्यांनीं चिन्हाची आकृति ठरविली आणि पंचम जॉर्ज बादशहानें तीस मान्यता दिली. मधोमध दलाचीं आद्याक्षरें, त्यांभोंवतीं लॉरेलच्या पानांचें कडें, वर राजमुकुट आणि दोहों बाजूंस पाकोळीचे पंख. पाकोळीची निवड मोठी मार्मिक होती. हा पक्षी आपलें खाणेंपिणें उडतां उडतांच उरकतो. इतर पांखरांप्रमाणें फांदीवर बसणें त्यास माहीतच नाहीं. हेच साइक्स पुढें १९२८ पासून १९३३ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मिठाचा सत्याग्रह आणि आमच्या नाशकांतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह, हे दोन्ही १९३० सालचे, त्यांच्याच अमदानींतले. आमच्या प्रांताच्या इतिहासांत या गृहस्थांचें नांव येतें तें सत्याग्रह्यांस तुरुंगांत धाडणाऱ्या सरकारचे प्रमुख म्हणून. पाकोळीच्या पंखांशीं त्यांचा संबंध कोणी जोडीत नाहीं.

चिन्ह निघालें तशी त्याच्या पाठोपाठ वर्णव्यवस्थाहि आली. वैमानिकाबरोबर विमानांत बसून शत्रूची हालचाल टिपणारा जो निरीक्षक, त्यास १९१५ सालीं 'ओ' हें अक्षर व त्याला जोडलेला एकच पंख देण्यांत आला. विमान कोसळलें तर मरण दोघांसहि सारखेंच. पंख मात्र एकास दोन आणि दुसऱ्यास एक!

हिंदी माणसास तर हें दार प्रथम बंदच होतें. ऑक्सफर्डला शिकणारे हरदितसिंग मलिक यांनीं पहिल्या महायुद्धांत वैमानिक होण्याची खटपट केली, पण त्यांस अधिकारपद मिळेना. म्हणून ते फ्रेंचांच्या बाजूनें जखमींची गाडी हांकूं लागले. अखेर त्यांच्या एका अध्यापकानें हेंडर्सन यांसच पत्र लिहिलें आणि १९१७ च्या एप्रिलांत मलिक वैमानिक दलांत दाखल झाले. (अध्यापकाच्या पत्रास इतकें वजन असल्याचें हें उदाहरण आम्हीं मुद्दाम नमूद करतों, तसे प्रसंग विरळा.) कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांस दृष्टि अधू म्हणून नाकारलें होतें, त्यांनीं आपली मोटारसायकल विकून मोठ्या डॉक्टराकडून डोळे पुन्हां तपासून घेतले आणि पंख मिळविले. १९१८ च्या जुलैंत, अवघ्या तेरा दिवसांत त्यांच्या नांवावर दहा विजय जमा झाले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस एकोणीस वर्षांचा हा तरुण पडला. वैमानिकांच्या पराक्रमासाठीं त्याच वर्षीं निघालेला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' त्यांस मरणोत्तर मिळाला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेहि त्याच वर्षीं जूनमध्यें फ्रान्सांत कामास आले. हांगार येथें त्यांचें थडगें आहे. रॉय यांच्या नांवें टपालाचें तिकीट निघालें. वेलिणकरांचें नांव आज महाराष्ट्रांतील किती घरांस ठाऊक आहे? दोघांच्याहि अंगावर पाकोळीचे तेच पंख होते.

एवढें रक्त सांडूनहि युद्ध संपल्यावर दार पुन्हां लागलें. स्कीन समितीनें शिफारस केल्यावर १९३० सालीं हिंदी तरुण क्रॅनवेलच्या विद्यालयांत गेले आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदल स्थापन झालें तें पांच वैमानिकांनिशीं. डॉ. मुंजे यांनीं १९३७ सालीं नाशकांत भोंसला विद्यालय काढलें, त्यामागेंहि हीच तळमळ होती: परीक्षेस बसण्यापुरती तरी तयारी आमच्या मुलांची असावी.

२६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आलें आणि चिन्हांवरचा मुकुट उतरून तेथें अशोकस्तंभाचे सिंह आले. पंख कायम राहिले, आणि तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें. उडण्याची विद्या कोणा एका राजाची नव्हे. पदकांचें मात्र संपूर्ण नवें रूप झालें. तें काम केलें सावित्रीबाई खानोलकर यांनीं. जन्मानें युरोपियन असलेल्या या बाईंनीं हिंदुस्थानांत येऊन विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशीं विवाह केला, त्या मराठी व संस्कृत शिकल्या, आणि परमवीर चक्रावर त्यांनीं दधीचीच्या अस्थींपासून घडलेलें इंद्राचें वज्र कोरविलें. इंग्रजी पद्धतींत अधिकाऱ्यास क्रॉस व साध्या शिपायास मेडल असा भेद असे; नव्या चक्रांत तो उरला नाहीं. काश्मीरच्या पहिल्या युद्धाबद्दल हृषीकेश मुळगांवकर यांस महावीर चक्र मिळालें. मुंबईचा हा वैमानिक पुढें १९७६ ते १९७८ वायुदलाचा प्रमुख होता. परमवीर चक्र विमानदलांत आजवर एकासच लाभलें आहे: १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरचें रक्षण करतांना पडलेले निर्मलजितसिंग सेखों. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९६० सालीं सुरू झालेल्या वायुसेना पदकाच्या फितीवर करड्या व केशरी तिरप्या रेघा आहेत. तो तिरपेपणा जुन्या फ्लाइंग क्रॉसच्या फितीवरहि होता. रंग आपले झाले, तिरकस चाल मात्र तीच राहिली.

तोफखान्याच्या हवाई निरीक्षकांच्या परंपरेंतून भूसेनेचें स्वतंत्र वैमानिक दल १९८६ सालीं उभें राहिलें, आणि २००३ पासून त्याचें प्रशिक्षण नाशिकरोडजवळ गांधीनगरच्या विमानतळावर होतें. शिक्षण संपलें कीं तेथेंच पंख लावण्याचा समारंभ होतो. २५ मे २०२२ च्या समारंभांत कॅप्टन अभिलाषा बराक यांस पंख मिळाले. या दलांतील त्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक होत. त्यांच्या पंखांचा आकार शेजारीं उभ्या असलेल्या पुरुष अधिकाऱ्यांच्या पंखांहून निराळा नव्हता.