डॅम्पर (उभ्या पियानोतील) : जुळणी व दुरुस्ती

पियानोची पट्टी सोडताच तारेवर टेकून तिचा नाद थांबवणारा फेल्टचा तुकडा म्हणजे डॅम्पर. ग्रँड पियानोत तो स्वतःच्या वजनाने तारेवर बसतो. उभ्या पियानोत ते काम स्प्रिंग करते. सर्वांत वरच्या दीड-पावणेदोन सप्तकांना डॅम्पर नसतात, कारण तिथल्या आखूड तारांचा नाद आपणहून लवकर विरतो.

पट्टी दाबली की अ‍ॅक्शनच्या (पट्टी व हातोडी यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या) मागे असलेला धातूचा छोटा स्पून डॅम्परच्या तरफेचे खालचे टोक तारांकडे ढकलतो आणि वरचे फेल्ट तारेपासून सुटते. हातोडीने तारेपर्यंतचे निम्मे अंतर कापल्यावर डॅम्पर हलू लागावा. तो आधी हलला तर पट्टी जड लागते, उशिरा हलला तर हळुवार वादनात सूर दबका निघतो.

जुळणीचा क्रम मोडू नये. प्रथम प्रत्येक फेल्ट आपल्या सर्व तारांवर सारखे बसवावे. मग उजवे पेडल हळूहळू दाबून सगळे डॅम्पर एकाच क्षणी सुटतात का ते पाहावे. मागेपुढे सुटणाऱ्यांच्या, फेल्ट तरफेला जोडणाऱ्या सळ्या किंचित वाकवाव्यात. स्पून सर्वांत शेवटी, कारण सळी वाकवली की स्पूनची वेळही बदलते. अ‍ॅक्शन जागेवर असताना स्पून दिसत नाहीत. म्हणून पुष्कळदा अ‍ॅक्शन बाहेर काढून, स्पून जरासे वाकवून, परत बसवून तपासावे लागते. हे काम घाईने कधीच साधत नाही.

सूर थांबत नसेल तर फेल्ट कडक झाले आहे, कसरीने खाल्ले आहे, स्प्रिंग तुटली आहे की तरफेची पिन अडकते आहे, हे आधी ठरवावे. मुंबई-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत पिनेभोवतीचे लोकरी अस्तर फुगते आणि डॅम्पर आळसावतो. अशा वेळी स्प्रिंग ताणणे चुकीचे: पट्टी जड होते, दोष तसाच राहतो. पिन काढून अस्तराचे भोक साफ करावे व योग्य जाडीची पिन घालावी. नवे फेल्ट जुन्याच जाडीचे हवे. खर्जातल्या दुहेरी तारांना पाचरीचे, वरच्या तारांना सपाट.

जुन्या इंग्लिश पियानोंत डॅम्पर हातोड्यांच्या वर असतात. तिथे तारेचे कंपन मुळातच कमी असल्याने उत्तम जुळणीनंतरही थोडा नाद रेंगाळतो. हे मालकाला दुरुस्तीआधीच सांगावे.