एसके इनोव्हेशन

एसके इनोव्हेशन ही दक्षिण कोरियातील ऊर्जा, रसायने व बॅटरी उत्पादन या क्षेत्रांतील एक मोठी कंपनी आहे. ती एसके उद्योगसमूहाचा भाग असून तिचे मुख्यालय सोलमधील जोंगनो भागात आहे. कंपनीचे समभाग कोरिया एक्सचेंजवर सूचिबद्ध आहेत. १९६२ मध्ये देशातील पहिली तेलशुद्धीकरण कंपनी म्हणून तिची स्थापना झाली. तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायने, वंगणतेल, खनिज तेलाचे उत्खनन, नैसर्गिक वायू, वीजनिर्मिती आणि विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या हे तिचे प्रमुख व्यवसाय आहेत. हे व्यवसाय मुख्यतः उपकंपन्यांमार्फत चालवले जातात.

इतिहास

सरकारी कंपनी (१९६२–१९८०)

कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियाला इंधनासाठी आयातीवर अवलंबून राहावे लागत होते. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९६२ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोरिया ऑइल कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या गल्फ ऑइल कंपनीने १९६३ मध्ये तिच्यात भांडवल गुंतवले. आग्नेय किनाऱ्यावरील उल्सान येथे १९६४ मध्ये दररोज ३५,००० बॅरल क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७२ मध्ये तेथेच देशातील पहिला नाफ्था भंजन प्रकल्प उभा राहिला. नाफ्थापासून मिळणाऱ्या इथिलीनमुळे प्लॅस्टिक व कृत्रिम धाग्यांसाठी लागणारा कच्चा माल देशातच तयार होऊ लागला.

खासगीकरण व पुनर्रचना

दुसऱ्या तेलसंकटाच्या काळात, १९८० मध्ये, गल्फ ऑइलने कंपनीतून अंग काढून घेतले. तो हिस्सा सुनक्याँग या उद्योगसमूहाने विकत घेतला. १९५३ मध्ये कापड उद्योगातून सुरू झालेला हा समूह त्या वेळी कोरिया ऑइल कॉर्पोरेशनपेक्षा आकाराने लहान होता. समूहाचे तत्कालीन प्रमुख चे जोंग-ह्यून यांनी पेट्रोलियमपासून धाग्यापर्यंतची संपूर्ण उत्पादनसाखळी एका छत्राखाली आणण्याचे धोरण ठेवले होते. १९८२ मध्ये कंपनीचे नाव युकाँग असे झाले. तिने यमेनमधील मारिब तेलक्षेत्रात गुंतवणूक करून परदेशातील उत्खननातही प्रवेश केला.

सुनक्याँग समूहाने एसके हे नाव स्वीकारल्यावर १९९७ मध्ये युकाँगचे एसके कॉर्पोरेशन झाले. समूहातील दुसऱ्या एका कंपनीचा हिशेब घोटाळा २००३ मध्ये उघडकीस आला व एसके कॉर्पोरेशनचे समभाग कोसळले. तेव्हा सॉव्हरिन या परदेशी गुंतवणूक संस्थेने कंपनीचे सुमारे १५ टक्के समभाग विकत घेऊन व्यवस्थापन बदलण्याची मागणी केली. २००५ मध्ये समभाग विकून ती बाहेर पडली. २००७ मध्ये एसके कॉर्पोरेशनचे विभाजन होऊन समभागधारक कंपनी आणि एसके एनर्जी अशा दोन कंपन्या झाल्या. जानेवारी २०११ मध्ये एसके एनर्जीचे नाव एसके इनोव्हेशन असे करण्यात आले. तेलशुद्धीकरण आणि रसायने हे व्यवसाय त्याच वेळी स्वतंत्र उपकंपन्यांकडे देण्यात आले.

व्यवसाय

तेलशुद्धीकरण व रसायने

उल्सान संकुलाची क्षमता दररोज सुमारे ८.४ लाख बॅरल असून ते जगातील मोठ्या शुद्धीकरण संकुलांपैकी एक आहे. कंपनीचा दुसरा शुद्धीकरण कारखाना इंचॉन येथे आहे. रसायन व्यवसाय एसके जिओ सेंट्रिक ही उपकंपनी पाहते. चीनमधील वुहान येथे सिनोपेकबरोबर तिचा भागीदारी प्रकल्प आहे. उल्सानचा १९७२ मधील नाफ्था भंजन प्रकल्प २०२० मध्ये कायमचा बंद करण्यात आला.

वंगणतेल

मोटारींच्या उच्च दर्जाच्या वंगणतेलासाठी लागणारे मूळ तेल कंपनी युबेस या नावाने आणि तयार वंगणतेल झिक या नावाने विकते. इंडोनेशियातील दुमाई आणि स्पेनमधील कार्ताहेना येथे भागीदारीत उभारलेले कारखाने आहेत.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीत धन व ऋण विद्युदग्रांच्या मध्ये एक पातळ सच्छिद्र पटल असते. ते दोन्ही अग्रांचा परस्परांशी स्पर्श होऊ देत नाही, मात्र लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देते. हे विभाजक पटल कंपनीने २००४ मध्ये स्वतः विकसित केले. २०१९ मध्ये या व्यवसायासाठी एसके आय ई टेक्नॉलॉजी ही उपकंपनी वेगळी करण्यात आली व २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात आले.

वाहनांच्या बॅटऱ्यांचा पहिला मोठा कारखाना २०१२ मध्ये सोसान येथे सुरू झाला. त्यानंतर हंगेरी, चीन आणि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कारखाने उभारण्यात आले. कंपनी प्रामुख्याने निकेल, कोबाल्ट व मँगेनीज यांवर आधारित चपट्या पिशवीच्या आकाराचे विद्युतघट बनवते. निकेलचे प्रमाण वाढवल्यास तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठते, परंतु उष्णतेने घट अस्थिर होण्याचा धोकाही वाढतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा व्यवसाय एसके ऑन या उपकंपनीकडे सोपवण्यात आला. ह्युंदाई, किया, फोर्ड आणि फोक्सवॅगन हे तिचे प्रमुख ग्राहक आहेत.

एलजीबरोबरचा वाद

एप्रिल २०१९ मध्ये एलजी केम या कोरियन कंपनीने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे एसके इनोव्हेशनविरुद्ध तक्रार केली. आपले कर्मचारी नोकरीवर घेऊन बॅटरीविषयीची व्यापारी गुपिते मिळवल्याचा तिचा आरोप होता. एसके इनोव्हेशनने तो नाकारला. पुरावे नष्ट झाल्याचे कारण देऊन आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक निर्णय एलजीच्या बाजूने दिला. १० फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम निर्णयाने एसकेच्या संबंधित बॅटऱ्या व सुटे भाग अमेरिकेत आणण्यास १० वर्षांची बंदी घातली. फोर्डला ४ आणि फोक्सवॅगनला २ वर्षांची सवलत मिळाली. या बंदीमुळे जॉर्जियातील सुमारे २६० कोटी डॉलरच्या प्रकल्पाचे भवितव्य धोक्यात आले. राष्ट्राध्यक्षांना निर्णय फिरवण्यासाठी असलेली मुदत संपत असतानाच, ११ एप्रिल २०२१ रोजी, दोन्ही पक्षांत तडजोड झाली. एसकेने एलजीला एकूण २ लाख कोटी वॉन देण्याचे मान्य केले. पुढील १० वर्षे एकमेकांवर नवे दावे न करण्याचेही ठरले.

आर्थिक ताण व विलीनीकरण

तेलाच्या दरांतील चढउतारांचा कंपनीच्या उत्पन्नावर मोठा परिणाम होतो. कोविड साथीमुळे २०२० मध्ये तिला २.५ लाख कोटी वॉनहून अधिक परिचालन तोटा झाला. २०२२ मध्ये मात्र सुमारे ४ लाख कोटी वॉनचा नफा झाला. बॅटरी कारखान्यांसाठी भांडवल उभे करताना कर्ज वाढत गेले. त्यातच २०२३ नंतर विद्युत वाहनांच्या मागणीची वाढ मंदावली. स्थापनेपासून तोट्यात असलेल्या एसके ऑनला २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत पहिल्यांदा नफा झाला. तो सुमारे २,४०० कोटी वॉन होता व त्यात अमेरिकेतील उत्पादनावर मिळणाऱ्या करसवलतीचा मोठा वाटा होता.

बॅटरी व्यवसायाला आधार देण्यासाठी नैसर्गिक वायू व वीज क्षेत्रातील एसके ई अँड एस ही समूहातील नफ्यात चालणारी कंपनी एसके इनोव्हेशनमध्ये विलीन करण्यात आली. समभाग विनिमयाचे गुणोत्तर लहान भागधारकांना अन्यायकारक असल्याची टीका झाली आणि कोरियाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन सेवेने प्रस्तावाविरुद्ध मतदान केले. तरीही ऑगस्ट २०२४ मधील सभेत सुमारे ८६ टक्के मतांनी तो संमत झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून विलीनीकरण अमलात आले व एकत्रित मालमत्ता सुमारे १०० लाख कोटी वॉन झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वंगणतेलाचा व्यवसाय करणारी एसके एनमूव्ह ही उपकंपनी एसके ऑनमध्ये विलीन करण्यात आली.

फोर्ड व एसके यांनी २०२१ मध्ये केंटकी आणि टेनेसी राज्यांत ब्लूओव्हल एसके हा भागीदारी प्रकल्प जाहीर केला होता. फोर्डच्या वाहन प्रकल्पासह या योजनेत ११४० कोटी डॉलरची गुंतवणूक अपेक्षित होती. डिसेंबर २०२५ मध्ये ही भागीदारी संपुष्टात आणण्याचा निर्णय झाला. त्यानुसार केंटकीतील कारखाने फोर्डकडे आणि टेनेसीतील कारखाना एसके ऑनकडे देण्याचे ठरले.