बोटीखालच्या फळीची कुळकथा

अमेरिकेत तळ्याकाठच्या गावांत घरासमोर ट्रेलरवर चढवून ठेवलेली बोट हे नेहमीचं दृश्य. बोटीच्या पोटाखाली, तिच्या लांबीला समांतर अशा दोन किंवा चार फळ्या असतात आणि त्यांवर कारपेट ताणून बसवलेलं असतं. या फळ्यांना तिकडे बंक म्हणतात. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कुणा हौशी मालकाने घरातलं जुनं कारपेट ठोकलं आणि तीच रीत पडली, असं वाटणं साहजिक आहे. पण पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. बोटीचं अंग बदललं म्हणून ही फळी गरजेची झाली, आणि ती आज ज्या रूपात दिसते ते रूप तिला सुतारापेक्षा रसायनशास्त्राने दिलं.

लाकडी बोटीचा भार तिच्या तळाचा कणा पेलतो. तो जाड, सलग आणि मजबूत असल्याने त्याच्याखाली चार-दोन रबरी रोलर असले तरी निभायचं. १९५० च्या दशकापासून फायबरग्लासच्या बोटी झपाट्याने वाढल्या आणि हे गणित बिघडलं. ही बोट म्हणजे साच्यातून काढलेलं पातळ कवच. रोलरचा स्पर्श जेमतेम बोटभर रुंदीचा. तेवढ्यावर महिनोन्‌महिने वजन राहिलं की तळ तिथे दबतो, जेलकोट म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला बारीक तडे जातात. मागच्या बाजूला असा खळगा पडला तर वेगात बोट पाण्यावर नीट उचललीही जात नाही. लांब फळी तोच भार हातभर नव्हे, कित्येक फूट लांबीवर वाटून देते. रोलरचे ट्रेलर आजही विकले जातात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांतल्या चांगल्या ट्रेलरवर हलत्या दांड्यांना डझनभर छोटे रोलर जोडलेले असतात. म्हणजे तिथेही भार वाटण्याचीच धडपड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: बोट मऊ आधारावर टेकवण्याची कल्पना गोदीत आधीपासून होती. होती, पण गोदीतला आधार कोरड्यात उभा असतो. ट्रेलरची फळी प्रत्येक फेरीला पाण्यात बुडते, मग उन्हात वाळते. सुती कापड, लोकर, ताग यांचा अशा जागी बघता बघता चोथा होतो. इटलीत ज्युलिओ नत्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन बनवलं. या कामासाठी त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत १९६३ चं नोबेल मिळालं. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी पीत नाही, कुजत नाही. बंकवरचं कारपेट बहुधा याच धाग्याचं असतं. लाकडाची गोष्ट तर आपल्या घरची आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण सिद्ध केलं. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक किडीला दूर ठेवतं आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं धरून ठेवतं. दाबाखाली हे मिश्रण मुरवलेलं लाकूड जगभर गेलं, अमेरिकेत तर घरोघरी. या फळीच्या चरित्रात कामेसन यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, ते पहिल्या ओळीत यायला हवं.

आर्सेनिकच्या भीतीने २००३ अखेर अमेरिकेत या लाकडाचा बहुतेक घरगुती वापर थांबला. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ओलाव्यात ते साधं लोखंड व ॲल्युमिनियम खातं. म्हणून जुनी फळी जशी होती तशीच नवी आणून बसवली, हे आता पुरत नाही. कारपेट ओल धरून ठेवतं, त्यापेक्षा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या बऱ्या, असं काही जण म्हणतात. ओलीबद्दल ते बरोबर आहेत. पण पाण्यात उतरवताना उतारावर बोट बांधणारा पट्टा लवकर सोडला तर प्लॅस्टिकवरून बोट थेट सिमेंटवर येते, कारपेट तिला धरून ठेवतं. बदलताना एका वेळी एकच फळी काढावी, म्हणजे फळी धरणाऱ्या ब्रॅकेटची उंची हलत नाही. बोल्टची डोकी लाकडात खोल बसवावीत, कारपेट वरून सपाट ताणून त्याच्या कडा खालच्या अंगाला वळवाव्यात आणि स्टेनलेस स्टीलच्याच पिना माराव्यात. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांबं मुरवलेलं लाकूड तिच्याखाली घालूच नये, कारण भिजलेल्या कारपेटमधून तांब्याचे क्षार तळापर्यंत पोचतात. तिथे साधं लाकूड चारी बाजूंनी नीट सील करून वापरावं, जरी ते थोडं लवकर बदलावं लागलं तरी.